तेवीस अर्ज आणि एक डावा पाय

मी संघटनेची पत्रकं लिहिते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून लिहितेय आणि चांगली लिहिते. पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही, ते हाताला बसलं. पहिल्या ओळीतच राग आला पाहिजे. ‘त्रास’ लिहायचं नाही, ‘छळ’ लिहायचं. ‘काही महिला’ हे शब्द पत्रकात येताच कामा नयेत. काही म्हटलं की वाचणारा सुटतो. आणि मजकूर एकदा जमला की तोच सगळीकडे चालवायचा, नाव बदलायचं, गाव बदलायचं, खाली सह्या घ्यायच्या. या कामाची मला कधी लाज वाटली नव्हती. आजही सरसकट वाटत नाही. पण एका बाईचा पाय मी याच पद्धतीने लिहिला आणि ती मरता मरता राहिली, म्हणून हे लिहितेय.

पलूसच्या अलीकडे बेदाण्याचं एक शेड आहे. तिथे तेवीस बायका सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून बेदाणा निवडायच्या. हिरवा इकडे, पिवळा तिकडे, काळा खाली, काड्या वेगळ्या. सकाळी नऊला उभं राहायचं, संध्याकाळी सहाला सुटायचं, मधे भाकरी खाण्यापुरती सुट्टी. बसायला काही नाही. मालकाचं म्हणणं, बसल्या की पेंगतात. हे तो हसत सांगायचा, जसं काही घरातल्या पोरांचं कौतुक सांगतोय. संध्याकाळी या बायका चपला हातात घेऊन घरी जाताना मी पाहिल्यात, कारण चपलेत पाय जात नसे. मागणी एवढीच होती की बसायला स्टुलं द्या. तेवीस स्टुलं. एवढ्यासाठी अर्ज, निवेदन, स्मरणपत्र. माणसाला बसू द्या हे सांगायला शाई लागते, याचा मला तेव्हाही संताप होता आणि आताही आहे.

मी रहिमतपूरची. आठवड्यातले चार दिवस पॅसेंजरने खाली यायचे, शेडच्या दारात थांबायचे, परतीच्या गाडीने जायचे. संघटनेतले आमचे दादा, वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणाले की यावेळी अर्ज इंग्रजीत कर. कामगार खात्यात मराठी अर्ज गठ्ठ्यात पडून राहतो, इंग्रजी अर्ज कुणी वाचायचा यावरून तरी या टेबलावरून त्या टेबलावर जातो. ते खरंच होतं.

मग मी मोबाईल घेऊन बसले. ‘स्वेलिंग’ हा शब्द मला पोरकट वाटला, गुडघा आपटल्यावर शाळेच्या चिठ्ठीत लिहितात तसा. शोधता शोधता ‘एडिमा’ सापडला. एका साइटवर त्याच्या सुरुवातीला ओ होता, दुसरीवर नव्हता. मी ओ असलेला घेतला, कारण तो जड दिसत होता. त्याच्यापुढे ‘सिव्हिअर’ लावलं. ‘बायलॅटरल’ लावलं, म्हणजे दोन्ही पायांना. ‘गेले सहा महिने’ असंही घातलं. वाक्य असं झालं की मीच ते दोनदा मोठ्याने वाचलं. तेच मी तेवीस अर्जांत चिकटवलं. नावं तेवीस, वयं तेवीस, खाली सह्या आणि अंगठे वेगवेगळे. मधलं वाक्य एकच.

सह्या घ्यायला मी जेवणाच्या सुट्टीत गेले. या बायकांत एक चाची होती. पन्नाशीची, किडकिडीत, शेडमधली सगळ्यात जुनी बाई. नवरा शिंपी, मूळचा आष्ट्याचा, शेडपासून दहा मिनिटांवर रस्त्याला त्याचं दुकान आणि मागे घर. मी अर्जात काय लिहिलंय ते बायकांना मराठीत सांगितलं. दोन्ही पायांना सूज, सहा महिने, फार जास्त. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचीने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

“पोरी, माझं जरा येगळं हाय,” ती म्हणाली.

मी तिला काय सांगितलं ते मला अजून अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, “चाची, सगळ्यांचं एकच असू द्या. त्यात ताकद राहते.”

तिने सही केली. उर्दू शाळेत शिकलेली सावकाश सही, उजवीकडून डावीकडे. मी कागद गोळा करून स्टेशन गाठलं.

अर्ज हलला, हे मान्य केलं पाहिजे. तीन आठवड्यांत जवळच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तपासणीला येणार असं कळलं. आम्ही विजय झाल्यासारखे वागलो. ते आले सोमवारी, सकाळी साडेआठला, काम सुरू व्हायच्या आधी. कामाचा खोळंबा नको म्हणून मालकाने वेळ ठरवून घेतली होती आणि ती आमच्यापैकी कुणालाही खटकली नाही. रात्रभर आडव्या झालेल्या बायका. उभं राहून आलेली सूज झोपेत उतरते. हे तेवीस जणींच्या अंगाला ठाऊक होतं. फक्त मी ते कधी विचारलं नव्हतं.

ऑफिसच्या ओसरीवर रांग लागली. डॉक्टर तरुण, पुरुष, खुर्चीवर बसलेले, समोर तेवीस कागदांचा गठ्ठा. एका बाईचा भाऊ फौजेत होता, ती मागून म्हणाली, “भरतीला उभं केल्यागत केलंय की. आता छाती फुगवून दाखवायची का पळून दाखवायचं?” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टरही हसले. पण पाय दाखवायची वेळ आली तशी सगळ्या गप्प झाल्या. मालक दारात, त्याचा मुनीम शेजारी, ट्रकवाले दोघे समोर उभे. कुणी पातळ चार बोटांवर उचललं नाही. घोटा दिसेल न दिसेल एवढंच. चाचीने सलवारीची मोहरी चिमटीत धरली, बोटं दाखवली आणि पुढे सरकली. डॉक्टरांनी कागदावर पाहिलं, दोन्ही पाय, सिव्हिअर. मग त्या बोटांकडे पाहिलं. दुसरं काय लिहिणार? प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी एकच शेरा मारला: एडिमा नाही.

मी त्यांनाही तेवीस वेळा एकच वाक्य लिहायला लावलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. संध्याकाळपर्यंत माझं नवं पत्रक तयार होतं. डॉक्टर मालकाला विकला गेला, असा त्याचा सूर होता. कसलाही पुरावा नव्हता. ते छापूनही आणलं.

बुधवारी ती पत्रकं घेऊन मी चाचीकडे गेले, कारण ती शेडवर आली नव्हती. चाचा मशीनवर होते. त्यांनी पत्रक घेतलं, न वाचताच कापडाखाली ठेवलं आणि चष्मा कपाळावर सारला.

“बेटी, तू एवढं लिवतीस, मला एक सांग. हिचा पाय मापात का ऱ्हाईना?”

मला कळेना. तेव्हा त्यांनी खुंटीवरची सलवार काढून टेबलावर पसरली. ईदला शिवलेली. त्या वेळी दोन्ही मोहऱ्या सारख्या होत्या. पंधरा दिवसांनी डावी पोटरीवर घट्ट व्हायला लागली, म्हणून डाव्या बाजूची शिलाई उसवून कापड सोडलं. परवा पुन्हा उसवली. उजवी होती तशीच. “आता आत दुमडलेलं कापडच उरलं न्हाई,” ते म्हणाले. “मी हिला म्हनलं, तुझा डावा पाय दुसऱ्या कुनाचा हाय गं. हसली. पर काल हसंना.”

चाची आत आडवी होती. दाराला पडदा ओढून तिने मला पाय दाखवला. उजवा काठीसारखा. डाव्याची पोटरी तटतटलेली, कातडी चकाकत होती, हात लावला तर गरम. आणि ही सकाळची वेळ होती, ती रात्रभर झोपून उठली होती. काल शेडच्या चार पायऱ्या चढताना दम लागला म्हणून ती परत फिरली होती. मी विचारलं, सोमवारी डॉक्टरांना का नाही सांगितलं? तिने सलवार खाली ओढली.

“तू लिवलं हुतंस की. मला वाटलं कागदात आलं असंल.”

रिक्षा करून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. चाचांच्या गळ्यात टेप तसाच राहिला होता. तिथल्या सिस्टरने चाचीला पडद्यामागे घेतलं, पायावर हात ठेवला आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले. यावेळी दारात मालक नव्हता, सिस्टर शेजारी होती, चाचीने गुडघ्यापर्यंत पाय उघडा केला. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चाचीचा सोमवारचा कागद काढला. म्हणजे माझाच अर्ज, कोपऱ्यात त्यांचा शेरा.

किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. चाची म्हणाली, चार-दोन दिवस. कामावरून काढतील या भीतीने ती कमी सांगत होती. चाचांनी ईदपासून सांगितलं. माझ्या अर्जात सहा महिने. दोन्ही पाय की एक? अर्जात दोन. डॉक्टरांच्या शेऱ्यात एकही नाही. टेबलावर आमच्या तिघांचं आणि त्यांचं स्वतःचं असं चार तऱ्हेचं सांगणं पडलं होतं, आणि बाई तिथे धापा टाकत बसली होती.

“हिला सांगलीला पाठवतोय,” डॉक्टर म्हणाले. “पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असावी. वर सरकली तर फुप्फुसात जाईल. पण तिथं गर्दी असते, आधी कागद बघतात. दोन्ही पाय, सहा महिने, उभं राहून, असं वाचलं तर पट्टी बांधून घरी पाठवतील. माझं मी दुरुस्त करतो. तुमचं तुम्ही खोडा आणि खरं काय ते लिहा. सही करा.”

मी कागद घेऊन सिस्टरच्या टेबलापाशी बसले. पिशवीत त्याच डॉक्टरांविरुद्धची पत्रकं होती, ती मी पुढे वाटली नाहीत. सिस्टर सलाइनची तयारी करत होती, माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “एडिमा लिहिलंस ना तू? काय असतं ते?”

“सूज,” मी म्हणाले.

तिने मला उठवून पलंगापाशी नेलं. चाचीच्या डाव्या नडगीवर अंगठा दाबला, तसाच धरला, मग काढला. तिथे खड्डा पडला. तो भरून यायला बराच वेळ लागला.

“हे लिही,” सिस्टर म्हणाली. “कुठला पाय, कुठून कुठपर्यंत, खड्डा पडतो का, किती दिवस झाले, झोपून उठल्यावर उतरते का. हे माहीत नसेल तर तो शब्द वापरायचा नाही. सूज म्हणायचं आणि गप बसायचं. आणि ते सिव्हिअर काढ. ते ठरवायला आम्ही आहोत.” मग तिने चाचांकडे हात केला. चाचांनी गळ्यातला टेप काढून दोन्ही पोटऱ्यांचं माप घेतलं, गुडघ्याखाली चार बोटांवर. डावी पावणेदोन इंच जास्त. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस, पण त्यांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिला.

मी लिहायला घेतलं तेव्हा सिस्टर पुन्हा म्हणाली, “बाकीच्या बावीस जणींचं पण असंच चिकटवलंयस? त्यात आणखी कुणाचा एकच पाय असला तर?”

मी बाहेर जाऊन दादांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते आधी चाचीबद्दल बोलले, ते दगड नाहीत. तिला पहिली ॲम्ब्युलन्स मिळू दे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “फक्त तिचंच दुरुस्त कर. बाकीचं नाव काढू नको. आपण खोटं लिहिलं असं तुझ्या हाताने मालकाला देशील. ती स्टुलं गेली समज.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्या बावीस जणींचे पाय आठवायला लागले. चपला हातात घेतलेले आठवले. त्याहून जवळून एकही आठवेना. त्यांच्यावर मी वर्षभर लिहीत होते.

आत जाऊन मी लिहिलं. डाव्या पायाला एडिमा, घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, दाबल्यावर खड्डा पडतो. साधारण महिना. रात्रभर झोपून उतरत नाही. पोटरी गरम, दुखरी. उजव्या पायाला नाही. कालपासून चढताना दम. खाली वेगळ्या परिच्छेदात लिहिलं की या बाईंनी मला त्यांचं वेगळं आहे असं सांगितलं होतं, मी ते घेतलं नाही. आधीच्या तेवीसही अर्जांतलं सुजेचं वाक्य मी न बघता एकसारखं लिहिलं आहे, ते रद्द समजावं आणि सगळ्यांना पुन्हा तपासावं, संध्याकाळी, बाई डॉक्टरकडून. सही केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निरस इंग्रजी होतं ते.

सांगलीत दोन तासांच्या आत सोनोग्राफी झाली. शिरेत गुठळी होती. तिचा बारीक तुकडा फुप्फुसात गेलेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद उभ्या उभ्या वाचला आणि काही न बोलता फाइलमध्ये लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वर्षानुवर्षांची सवय, वाचणाऱ्याला काही झालं का ते बघायची. त्यांना काहीच झालं नाही. त्या लगेच नर्सला इंजेक्शन सांगायला लागल्या.

चाची वाचली. अकराव्या दिवशी घरी आली.

माझ्या कागदाची प्रत कामगार खात्यात गेली, तिथून मालकाला मिळाली. त्याने ती मुनीमाकडून भाषांतर करवून पट्ट्यापाशी वाचून दाखवली, जेवणाच्या सुट्टीत, सावकाश. स्टुलांची फाइल बंद झाली. फौजी भावाची ती बहीण मला फाटकात गाठून म्हणाली, “पाय आमचं खरं सुजत्यात. खोटं तू लिवलंस आन् लबाड आमी ठरलो. लय शिकलीस गं बाई.” दादा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. त्या दवाखान्यातल्या सिस्टरने ड्युटी संपल्यावर दोन दिवस येऊन सगळ्या बायकांचे पाय पाहिले, शेडच्या मागे, चादर आडवी धरून. कुणाचीही सूज एका पायाची नव्हती. सगळी उभं राहिल्याची, दोन्ही पायांची, सकाळी उतरणारी. म्हणजे बावीस जणींसाठी मी जे खोडलं ते खोडलं नसतं तरी कुणी मेलं नसतं. दादांनी हे बोलून दाखवलं नाही. पण आम्हा दोघांनाही ते ठाऊक आहे.

आणि चाचीचं काम गेलं. मालकाने तिचा सांगलीचा कागद मागितला, वाचला आणि म्हणाला, उद्या पट्ट्यावर काही झालं तर जबाबदारी कुणाची? उभं करून करून त्याने तिला त्या पलंगापर्यंत नेलं, आणि तोच तिला जबाबदारी विचारतो. मी तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा मनात जुळवला. संध्याकाळी चाचीकडे जाऊन म्हणाले, यावर जोरदार लिहिते, तुमच्या नावानिशी.

ती चाचांच्या शेजारी बसून ब्लाउजला हुक लावत होती. पाय समोर लांब केलेला, वर दवाखान्याचा घट्ट मोजा.

“नगं,” ती म्हणाली. “माझा पाय आता तुझ्या कागदावर नगं. तू माझ्यापायी खरं लिवलंस, ते मी इसरायची न्हाई. पर आधी मी सांगत हुते तवा तुला येळ नव्हता, ते बी इसरायची न्हाई.”

मी पिशवीतून नवे अर्ज काढले. बावीस. मराठीत. सिस्टरच्या तपासणीवरून आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन मी ते पुन्हा लिहिले होते, कुणाची सूज किती वाजता येते, कुठपर्यंत चढते, सकाळी किती वाजता उतरते. चाचीला वाचून दाखवू का विचारलं. तिने पुढचा हुक उचलला आणि मी वाचायला लागले. हुक लावता लावता ती ऐकत होती. सातव्या अर्जाला तिने सुई थांबवली.

“ही पट्ट्याच्या कडंला असती,” ती म्हणाली. “भार उजव्यावर देती. हिचा उजवा ज्यादा फुगतो. लिव.”

मी लिहिलं.